ओळख ना पाळख, तरी एका टेबलावर: व्हिडिओ कॉलवर आरपीजीवाली माणसं कशी जमवायची

मी पहिल्यांदा अनोळखी लोकांबरोबर व्हिडिओ कॉलवर आरपीजी खेळायला बसले तेव्हा त्या कॉलवर आठ प्लेअर होते, नववा गेम मास्टर, आणि चार तासांत मी बरोब्बर तीन वाक्यं बोलले. त्यातलं एक "माझा आवाज येतोय का?" हे होतं. माझं कॅरेक्टर म्हणजे जखमा बऱ्या करणारी एक साध्वी होती, ती बिचारी सगळा वेळ एका दाराबाहेर उभी राहिली, कारण "मी आत जाते" एवढं सांगायला मला फटच मिळाली नाही. कॉल संपला आणि वाटलं, जाऊ दे, हे आपलं काम नाही.

नंतर मीच गेम चालवायला लागले, बरीच टेबलं जमवली, काही मोडली पण, आणि आता कळतं की त्या दिवशी कोणीच वाईट नव्हतं, फक्त क्रम उलटा होता. आम्ही डायरेक्ट खेळायलाच बसलो आणि ओळख काय, होईल मधल्यामधे, असं धरून चाललो. समोरासमोर बसलं की ती होतेही, फासे उचलून देताना, शेजारच्याच्या कागदात डोकावताना, ब्रेकमध्ये दाराशी उभं राहून. व्हिडिओवर हे मधले क्षणच नसतात ना. म्हणून खाली ज्या पायऱ्या सांगतेय त्या फिरून फिरून एकाच गोष्टीवर येतात: आधी भेटा, मग छोटंसं काहीतरी खेळा, मोठी गोष्ट नंतर.

अगदीच नवीन असाल तर दोन ओळी. इथे आरपीजी म्हणजे टेबलटॉपवाले, ज्यात एक जण गेम मास्टर असतो (सगळे जीएमच म्हणतात), बाकीचे एकेक कॅरेक्टर घेतात, जीएम सांगतो समोर काय आहे, तुम्ही सांगता तुम्ही काय करता, आणि जमेल की फसेल हे नक्की नसेल तेव्हा फासे टाकायचे. १९७४ मध्ये डन्जन्स अँड ड्रॅगन्स आला तिथून हा प्रकार सुरू झाला असं धरतात. मुळात सगळा खेळ बोलण्यावर आहे त्यामुळे तो व्हिडिओ कॉलवर इतका छान बसतो, नकाशा नसला तरी चालतं पण ऐकणारी माणसं लागतातच.

पायरी १: आधी स्वतःला विचारा की हवंय काय

हे लोक टाळतात आणि मग तिसऱ्या सेशनला कंटाळतात. तुम्हाला लढाया आवडतात, आकडे जुळवायला आवडतात, की कॅरेक्टरच्या आवाजात तासभर भांडायला आवडतं? दर आठवड्याला बसायला जमेल की महिन्यातून एकदा? कॅमेरा चालू ठेवायला चालेल का? कोणत्या भाषेत बोलणार, कारण नियम इंग्रजीत आणि बोलणं वेगळ्या भाषेत हे अगदी मजेत चालतं, पण टेबलावरच्या सगळ्यांना ते आधी माहीत हवं.

आणि एक, प्रत्येक वेळी खेळायलाच पाहिजे असं काही नाही. फक्त गप्पांसाठीही व्हिडिओ कॉल जमवता येतो, म्हणजे सगळ्यांनी एकाच गेमची कॅरेक्टर्स बनवून एकमेकांना दाखवायची, किंवा एखाद्या जीएमने आपला नकाशा उघडून बसायचं आणि बाकीच्यांनी त्यात गावं भरायची. कॉम्प्युटरवरच्या आरपीजीवाल्यांचंही तसंच, बाल्डर्स गेट ३ चार जणांना मिळून खेळता येतो, त्यासोबत एक व्हिडिओ कॉल चालू ठेवला की झालं टेबल. माझ्या ओळखीत अशी एक चौकडी आहे जी गेल्या कित्येक महिन्यांत एकदाही फासे टाकत नाहीये, नुसती कॅरेक्टर्स बनवतात आणि त्यांच्या आज्या-पणज्यांचे इतिहास लिहितात. चालतंय की.

पायरी २: माणसं कुठे सापडतात

डिस्कॉर्डवर (चॅट आणि कॉलचं अ‍ॅप) बहुतेक मोठ्या गेम्सचे स्वतःचे सर्व्हर, म्हणजे ग्रुपच्या जागा, आहेत आणि त्यात "ग्रुप हवाय" अशा अर्थाचं एक चॅनल असतंच, बहुतेक वेळा त्याचं नाव एलएफजी असतं, म्हणजे लुकिंग फॉर ग्रुप. रेडिटवरही याच नावाचा मोठा कट्टा आहे. रोल२० या ऑनलाइन आरपीजी खेळायच्या साइटवर गेम शोधायची सोय आहे. पैसे घेऊन गेम चालवणारे प्रोफेशनल जीएमही असतात, त्यात वावगं काही नाही, पण मित्र जमवायचे असतील तर मी तिथून सुरुवात करणार नाही, तिथे तुम्ही गिऱ्हाईक असता.

आता पोस्ट कशी लिहायची. "हाय, मी नवीन आहे, कोणी खेळणार का" याला उत्तर येत नाही, आलं तर नेमकं नको त्याचं येतं. जीएमला तुमच्याबद्दल चार गोष्टी हव्या असतात आणि त्या पहिल्याच पोस्टमध्ये असल्या की निम्मं काम झालं. साधारण असं लिहा:

"नमस्कार, मी टेबलटॉप आरपीजीत अगदी नवीन, एकदाच खेळलोय. शनिवारी रात्री तीनेक तास जमतात, यूटीसी अमुक टाइमझोन. लढाईपेक्षा रहस्य आणि गप्पा जास्त आवडतात, रक्तपात चालतो पण लहान मुलांवरचे अत्याचार गोष्टीत नकोत. माइक चांगला आहे, कॅमेरा सुरुवातीला बंद ठेवेन. आधी वन-शॉट (एका बैठकीत संपणारी गोष्ट) खेळून बघायला आवडेल. वय १८ च्या वर."

बस. नाव नाही, गाव नाही, ऑफिस नाही. आणि टाइमझोन लिहिताना यूटीसीपासून (जगभर मोजमापाला धरतात ती वेळ) किती पुढेमागे ते लिहा, त्याशिवाय "संध्याकाळी आठ" ला काही अर्थ नाही. डिस्कॉर्डमध्ये वेळेचा एक खास कोड टाकता येतो ज्यामुळे एकच मेसेज प्रत्येकाला आपापल्या घड्याळातल्या वेळेत दिसतो, तो वापराच. आमच्या ग्रुपात एक जण मार्चमध्ये सलग दोन वेळा एक तास चुकला, आम्ही त्याला मनातल्या मनात बेजबाबदार ठरवून मोकळे झालो, आणि नंतर लक्षात आलं की अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं पुढे जातात आणि युरोपात शेवटच्या रविवारी, त्यामुळे मधले दोन-तीन आठवडे या दोघांतलं अंतरच बदलतं, तो बिचारा त्याच्या घड्याळाप्रमाणे अगदी वेळेवर येत होता.

पायरी ३: अर्ध्या तासाचा ओळखीचा कॉल

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि लोक नेमकी हीच गाळतात.

ग्रुप जमला की लगेच सेशनची तारीख ठरवू नका. आधी अर्ध्या तासाचा कॉल ठेवा, ज्यात खेळायचंच नाही. आरपीजीवाले याच्या मोठ्या भावाला सेशन झीरो म्हणतात, त्यात कॅरेक्टर्स, नियम, गोष्टीचा सूर सगळं ठरतं आणि त्याला दोनेक तास सहज जातात. मी सांगतेय ते त्याच्याही आधीचं. फक्त आवाज ऐकायचे, नावं नीट उच्चारायला शिकायची (हो, विचारा, लाजू नका, सहा महिने चुकीचं नाव घेण्यापेक्षा बरं), आणि बघायचं की या माणसांबरोबर तीन तास बसवेल का.

बोलायचं काय हा प्रश्न पडतो. "स्वतःबद्दल काहीतरी सांगा" म्हटलं की कॉलवर सन्नाटा पसरतो. त्याऐवजी मी ठरलेले तीन प्रश्न विचारते, मेसेज करून आधीच पाठवते म्हणजे कोणी ऐनवेळी गडबडत नाही. एक, आत्तापर्यंत बनवलेलं किंवा मनात असलेलं सगळ्यात आवडतं कॅरेक्टर कोणतं. दोन, टेबलावर काय झालं की तुमचा मूड जातो. तीन, खेळ अर्धवट सोडून उठावंसं वाटलं असा अनुभव आहे का. तिसऱ्या प्रश्नाला लोक खरं बोलतात, का कोण जाणे, आणि त्यातूनच माणूस कळतो. एकदा एकाने या प्रश्नावर वीस मिनिटं फक्त आधीच्या चार ग्रुपांना शिव्या घातल्या, चारही ग्रुपांत चूक दुसऱ्यांचीच. मी त्याला पुढे बोलावलं नाही.

तुम्हीही जीएमला विचारा बरं का. किती जण असणार, किती वेळ, नवीन माणसाला नियम समजावून सांगणार का, कोणी मधेच गळाला तर काय. उत्तर देताना जीएम वैतागला तर तुम्हाला उत्तर मिळालंच.

पायरी ४: कॉल कशावर

यावर लोक तासन् तास वाद घालतात, मी पटकन आटपते. झूमच्या फ्री अकाउंटवर कॉल ४० मिनिटांत संपतो, ओळखीच्या अर्ध्या तासाला उत्तम, तीन तासांच्या सेशनला नाही. गूगल मीट फ्रीमध्ये तीन किंवा जास्त माणसं असली की ६० मिनिटं देतं. डिस्कॉर्डच्या व्हॉइस चॅनलला वेळेची मर्यादा नाही, व्हिडिओसकट २५ जण बसतात, शिवाय बाजूला चॅट, फोटो, नोट्स सगळं तिथेच राहतं, म्हणून बहुतेक जण शेवटी तिथेच जातात. जित्सी मीट ओपन सोर्स आहे, त्यांच्या साइटवर मीटिंग सुरू करणाऱ्यालाच लॉगिन लागतं, बाकीचे नुसत्या लिंकवरून येतात, त्यामुळे ज्यांना नवं अकाउंट उघडायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी सोपं.

नकाशा हवा असेल तर व्हर्च्युअल टेबलटॉप, म्हणजे स्क्रीनवरचं टेबल, वेगळं. रोल२० २०१२ पासून ब्राउझरमध्ये चालतंय आणि फ्री अकाउंटवर भरपूर होतं. फाउंड्रीमध्ये फक्त जीएमला एकदा विकत घ्यावं लागतं, प्लेअर ब्राउझरमधून फुकट येतात, पण सेटअपला जीएमचा जीव जातो. आउलबेअर रोडिओ सगळ्यात हलकं, लिंक दिली, टोकन (नकाशावरची कॅरेक्टरची सोंगटी) हलवलं, झालं. पहिल्या सेशनला यातलं काहीच नको असं माझं प्रामाणिक मत आहे. नवीन माणसाला एका वेळी एकच नवी गोष्ट शिकू द्या, त्याला अनोळखी माणसं, नियम आणि तीन खिडक्यांचं सॉफ्टवेअर असं सगळं एकदम दिलं की तो फक्त बटणं शोधत बसतो. नकाशाशिवाय नुसतं सांगून खेळण्याला थिएटर ऑफ द माइंड म्हणतात आणि पहिल्या खेळाला ते बेस्ट.

फाशांचं: खरे फासे असतील तर मस्तच, आवाज येतो, हाताला मजा येते. नसतील तर डिस्कॉर्डवर फासे टाकणारे बॉट आहेत, आव्हरे नावाचा बराच वापरला जातो, त्यात निकाल सगळ्यांना दिसतो. अनोळखी लोक असतील तर मी पहिले काही सेशन बॉटवरच टाकायला सांगते. विश्वास नाही म्हणून नाही हां, उलट वीस बाजूंच्या फाशावर कोणाला लागोपाठ तीन वेळा वीस पडले तर बाकीचे संशयाने बघतात आणि त्या बिचाऱ्याची मजा जाते, बॉट असला की तो प्रश्नच उरत नाही.

पायरी ५: माइक, कॅमेरा, नेट

हेडफोन लावा. एवढं एकच ऐकलंत तरी पुरे. स्पीकरवर ठेवलं की दुसऱ्यांचा आवाज तुमच्या माइकमधून परत त्यांनाच ऐकू येतो आणि ते थांबवायला सॉफ्टवेअर कोणाचातरी आवाज दाबतं, मग शब्द गिळले जातात. साधे वायरवाले इअरफोनही चालतात. मागे आवाज असेल तर पुश-टू-टॉक लावा, म्हणजे बटण दाबलं की बोलणं जातं. आमच्या एका जणाच्या पंख्याचा वारा थेट माइकवर यायचा, आम्ही जहाजावरची गोष्ट खेळत होतो, जीएमने सरळ "वादळ सुटलंय" म्हणून तो गोष्टीत घेतला, छान झालं, पण दर वेळी जहाज नसतं.

नेट अडखळत असेल तर पहिला बळी कॅमेऱ्याचा द्या. नुसत्या आवाजाला सेकंदाला साधारण ६० ते ८० किलोबिट लागतात, व्हिडिओला त्याच्या कितीतरी पट. चेहरा गोठला तरी गोष्ट चालते, आवाज तुटला की गोष्टच बदलते. माझ्याच एका रहस्यकथेत कबुलीजबाबाच्या क्षणी माझं नेट गचकलं, प्लेअर्सना फक्त "...ने खून केला" एवढंच ऐकू आलं, आणि मी परत जोडली जाईपर्यंत चौघांनी मिळून खानावळीच्या मालकाला दोषी ठरवून पकडलंसुद्धा होतं. त्यांची कारणं माझ्या मूळ उत्तरापेक्षा चांगली होती. मी गप्प बसले आणि मालकालाच खुनी केलं. आजतागायत त्यांना माहीत नाही.

कॅमेरा चालू ठेवायचा की नाही? माझं मत, ओळखीच्या कॉलला निदान पाच मिनिटं ठेवा, चेहरा पाहिला की माणूस माणसासारखा वागतो. नंतर तुमची मर्जी. पण ही माझी आवड झाली, नियम नाही, आणि कोणी कॅमेऱ्यासाठी मागे लागत असेल तर तो त्याचा प्रॉब्लेम आहे. ठेवलात तर उजेड समोरून घ्या, पाठीमागे खिडकी असली की तुम्ही साक्षीपुराव्यातले गुप्त साक्षीदार दिसता. स्वतःचा चेहरा सतत बघून दमायला होतं, झूम आणि मीट दोन्हीत स्वतःचा चौकोन लपवता येतो, लपवा.

आणि नाव बदला. कॉलवरच्या नावात तुमचं टोपणनाव, तिरकी रेघ, कॅरेक्टरचं नाव. एवढ्याशा गोष्टीने निम्मा गोंधळ संपतो.

पायरी ६: पहिला खेळ छोटा, म्हणजे खरंच छोटा

नवीन ग्रुप उत्साहात दोन वर्षांचं कॅम्पेन (अनेक सेशन चालणारी मोठी गोष्ट) ठरवतो आणि तिसऱ्या आठवड्यात दोघं गायब होतात. वन-शॉट घ्या, एकाच बैठकीत संपणारी गोष्ट. जीएम सोडून तीन किंवा चार प्लेअर, पाच म्हणजे डोक्यावरून पाणी. वेळ अडीच-तीन तास, आणि दर तासाला दहा मिनिटं ब्रेक, स्क्रीनकडे बघून डोळे आणि डोकं दोन्ही शिणतं.

गेम कोणता? माझा लाडका पर्याय म्हणजे जॉन हार्परचा लेझर्स अँड फीलिंग्ज, फुकट आहे आणि सगळे नियम एका पानावर मावतात. तुम्ही अवकाशयानाचे खलाशी, तुम्ही २ ते ५ मधला एक आकडा निवडायचा. डोक्याने, शास्त्राने काही करत असाल तर साध्या सहा बाजूंच्या फाशावर त्याच्याखाली पडायला हवं, मनाने, बोलण्याने, भावनेने करत असाल तर त्याच्यावर. आणि नेमका तोच आकडा पडला तर जीएमला एक प्रश्न विचारता येतो आणि त्याने खरं उत्तर द्यायचं. पाच मिनिटांत समजतो. शिवाय कोणी कोणता आकडा निवडला त्यावरून माणसाचा स्वभाव कळतो ती वेगळीच गंमत.

मोठे गेम खेळायचे असतील तरी पुस्तकं लगेच विकत घेऊ नका, आणि चोरून डाउनलोड तर अजिबात नको कारण गरजच नाहीये. डन्जन्स अँड ड्रॅगन्सचे बेसिक नियम फुकट मिळतात, त्याच्या पाचव्या आवृत्तीचा मूळ नियमसंच २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुला केलाय. पाथफाइंडरचे नियम आर्काइव्हज ऑफ नेथिस या साइटवर रीतसर परवानगीने फुकट वाचता येतात. भुताखेतांची, वेड लागण्याची गोष्ट हवी असेल तर कॉल ऑफ क्थुलूची फुकट क्विक-स्टार्ट पुस्तिका आहे, त्यात टक्क्यांवर फासे टाकायचे, म्हणजे तुमचं कौशल्य ४५ असेल तर शंभरात ४५ किंवा त्याखाली आलं की जमलं, गणित कच्चं असलेल्यांनाही कळतं.

पायरी ७: मधे कसं बोलायचं

माझी ती दाराबाहेरची साध्वी आठवतेय ना? तिचा प्रश्न इथे सुटतो.

समोरासमोर गप्पा मारताना एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत मधे जेमतेम २०० मिलिसेकंद जातात, वेगवेगळ्या भाषांत मोजून बघितलंय, सगळीकडे साधारण तेवढंच. म्हणजे आपण समोरच्याचं वाक्य संपायच्या आधीच बोलायला तयार असतो. आता व्हिडिओ कॉलवर आवाज पोचायलाच शंभर-दीडशे मिलिसेकंद लागले, कधी त्याहून जास्त, की हे सगळं गणित फिसकटतं. तुम्हाला वाटतं शांतता आहे, तुम्ही सुरू करता, तेवढ्यात दुसऱ्याचा आवाज येऊन धडकतो, दोघंही थांबता, दोघंही "तू बोल, तू बोल", मग परत दोघं एकदम. यात जो मोठ्या आवाजाचा आणि निबर कातडीचा असतो तो जिंकतो आणि बुजरा माणूस दोनदा प्रयत्न करून गप्प होतो. स्वभावाचा दोष नाही तो, वायरीचा आहे.

म्हणून पाळी मुद्दाम द्यावी लागते. जीएम असाल तर "तुम्ही सगळे काय करता?" असं हवेत विचारू नका. नाव घेऊन विचारा, कॅरेक्टरच्या नावाने, "मीरा, दार किलकिलं झालंय, तू काय करतेस?" आणि तिचं झालं की पुढचं नाव. लढाई नसली तरी फेरी लावा. कोण किती वेळा बोललं याच्या कागदावर खुणा करायला लागा, मी करते, प्रत्येकाच्या नावापुढे काड्या, अर्ध्या तासाने ज्याच्यापुढे काड्या कमी त्याच्याकडे गोष्ट वळवायची.

प्लेअर असाल तर तीन युक्त्या. हात वर करायचं बटण असेल तर ते वापरा, नसेल तर चॅटमध्ये नुसता एक टिंब टाकायचं असं ठरवून घ्या, "मला बोलायचंय" अशी खूण. दुसरं, तुमचं बोलून झालं की चेंडू दुसऱ्याकडे टाका, "मी कुलूप बघते, पण या भाषेतलं काही मला कळत नाही, तुला कळतं का बघ रे". नवीन टेबलावर लोकप्रिय व्हायचा याहून सोपा मार्ग मला माहीत नाही. तिसरं, कॅरेक्टरच्या आवाजात बोलायला लाज वाटत असेल तर बोलू नका. "माझी साध्वी त्याला रागावते आणि निघून जाते" असं सांगितलं तरी ते तितकंच खेळणं आहे. ऑनलाइन जे प्रसिद्ध शो बघतो त्यात बऱ्याचदा पोटापाण्यासाठी आवाज देणारे कलाकार असतात, त्यांच्याशी स्वतःची तुलना म्हणजे उगाच जिवाला घोर.

विनोद, मीम, नियमांचे वाद, हे सगळं बाजूच्या चॅटमध्ये. नियमावर अडलं तर दोन मिनिटांत जीएमचा निर्णय शेवटचा, खरं काय ते सेशननंतर शोधा.

पायरी ८: नको ते कसं टाळायचं

गोष्टीतलं आणि गोष्टीबाहेरचं, दोन्ही.

गोष्टीतलं म्हणजे, प्रत्येकाचा एखादा विषय असतो जो खेळात नकोच असतो. त्यासाठी लाइन्स अँड व्हेल्स नावाची सोपी पद्धत आहे: लाइन म्हणजे हे गोष्टीत येणारच नाही, व्हेल म्हणजे घडेल पण पडद्याआड, वर्णन नाही. सेशनच्या आधी प्रत्येकाने जीएमला खाजगी मेसेजमध्ये यादी पाठवायची, कारण देण्याची गरज नाही. आणि खेळ चालू असताना जॉन स्टाव्ह्रोपोलोसने बनवलेलं एक्स-कार्ड, प्रत्यक्ष टेबलावर मधोमध एक्स लिहिलेला कागद असतो आणि कोणीही त्याला हात लावला की तो प्रसंग तिथेच थांबवून पुढे जायचं, का म्हणून विचारायचं नाही. कॉलवर चॅटमध्ये फक्त एक्स टाइप करायचं, किंवा जीएमला एकट्याला पाठवायचं. आधी मला हे सगळं जरा अतीच वाटायचं. मग एका सेशनमध्ये कोळी किड्यांच्या वर्णनावर एक मुलगी अक्षरशः कॉल सोडून गेली आणि परत कधी आली नाही, तेव्हापासून हे पहिल्याच दिवशी सांगते.

गोष्टीबाहेरचं: कॉलची लिंक उघड्यावर टाकू नका, फक्त ठरलेल्या माणसांना द्या, वेटिंग रूम असेल तर चालू ठेवा. मागचं दृश्य ब्लर करा, भिंतीवरच्या सर्टिफिकेटवर तुमचं पूर्ण नाव असतं हे आपण विसरतो. स्क्रीन शेअर करताना पूर्ण स्क्रीन नाही, फक्त ती एक खिडकी, नाहीतर वर टपकणारे मेसेज सगळे वाचतात. रेकॉर्डिंग करायचं तर सगळ्यांना आधी विचारून, आणि एकानेही नको म्हटलं तर नाही. दुसरा कोणी न विचारता करत असेल तर निघा.

निघण्यावरूनच, ही काही चिन्हं दिसली की विचार करू नका: ग्रुप सोडून तुम्हाला एकटीला किंवा एकट्याला वेगळ्या कॉलवर बोलावणं, घरचा पत्ता-ऑफिस-फोटो विचारत राहणं, ठरलेल्या लाइनवरून "एवढं काय त्यात" म्हणणं, गेममधलं प्रेमप्रकरण गेमबाहेर खेचणं. "हा ग्रुप माझ्यासाठी नाही, शुभेच्छा" एवढा मेसेज पुरतो, आणि भीती वाटत असेल तर तेवढाही नको, ब्लॉक करा. १८ च्या खाली असाल तर मोठ्यांच्या टेबलावर वय लपवून बसू नका, आणि घरातल्या कोणालातरी माहीत असू द्या कोणाबरोबर खेळताय.

पायरी ९: कॉल बंद करायच्या आधी

गोष्ट संपली की लोक "बाय, मजा आली" म्हणून पटापट लाल बटण दाबतात आणि इथेच ग्रुप सुटतो. खेळ ठरलेल्या वेळेच्या पंधरा मिनिटं आधी संपवा आणि उरलेली पंधरा मिनिटं नुसती बसा. मी प्रत्येकाला एक विचारते: दुसऱ्या कोणाच्या कॅरेक्टरने केलेलं काय आवडलं? स्वतःचं नाही, दुसऱ्याचं. लाजरी माणसंही दुसऱ्याचं कौतुक करताना मोकळी बोलतात, आणि ज्याचं होतं तो पुढच्या वेळी नक्की येतो. माझे आजचे दोन जवळचे मित्र मला गेममध्ये मिळाले असं मी म्हणते खरी, पण खरं तर ते या पंधरा मिनिटांत मिळाले, जी एकदा ताणून पहाटे अडीचला संपली होती.

मग पुढची तारीख. कॉलवरच ठरवा, "मेसेजवर बोलू" म्हणजे कधीच नाही. सगळ्यांना जमेल अशी तारीख शोधत बसलात तर ती मिळणारही नाही, त्यामुळे चारपैकी तीन जमले तरी खेळायचं हा नियम आधीच करून ठेवा, जो नाही आला त्याचं कॅरेक्टर आजारी. दुसऱ्या दिवशी कोणीतरी एकाने चार ओळींत काय घडलं ते ग्रुपात लिहायचं, आणि ते काम जीएमच्या गळ्यात मारू नका, फिरतं ठेवा.

कोणी सांगून न सवरता आलं नाही तर एकदा विचारा, साध्या शब्दांत, "काल दिसला नाहीस, सगळं ठीक ना?" बऱ्याचदा खरंच काहीतरी असतं. दुसऱ्यांदाही तेच झालं आणि उत्तर नाही आलं, तर चिडचिड न करता ती जागा मोकळी आहे असं समजून नवीन माणसासाठी पोस्ट टाका आणि त्याला आधी अर्ध्या तासाच्या कॉलवर बोलवा.